उलटलेलं पान

१

पान वरून ओळखायचं नाही. हे दादाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

वरून दोन्ही सारखीच. गुडघ्याएवढं झुडूप, बारा महिने हिरवं, चिवट लांबट पान, कडा आत वळलेल्या. दोन्ही त्याच पाणथळ रानात, त्याच शेवाळात, एकमेकांच्या कुशीत वाढतात. वासावर जावं तर एकीचा वास दुसरीला लागलेला. फुलावर जावं तर फुलं पंधरा दिवसांची पाहुणी.

"पान उलटायचं," दादा म्हणाला. "पोटावर अंगठा घासायचा. अंगठ्याला तांबूस लव लागली तर ती तांबपोटी. ती तोडायची. पोट पांढरं निघालं आणि अंगठा कोरडा राहिला तर ती पांढरपोटी. तिच्या वाटेला जायचं नाही."

"आणि गेलो तर?"

"तर मुकादम आम्हा सगळ्यांना एक दिवस सुट्टी देईल. तुला पोचवायला."

एक खोकला थांबवते, दुसरी काळीज थांबवते. आणि जे काय बघायचं ते पान ओलं असतानाच बघायचं. वाळलं की ते आतल्या आत गुंडाळत सुईसारखं होतं, मग देवालाही कळत नाही कोणतं कुठलं. म्हणून रोज संध्याकाळी वाळवणीच्या शेडच्या फाटकात मुकादम काठी टेकून उभा राहायचा आणि प्रत्येकाचा उजवा अंगठा बघायचा. तांबूस असला तर पोतं आत. नसला तर पोतं तिथेच रस्त्यावर रिकामं.

पोत्यात मात्र कोणी हात घालायचं नाही. एकाने उलटलेलं पान दुसऱ्याने परत उलटायचं नाही, हा आमच्या कामाचा कायदा. उलटलं तर ती शिवी. तोडणाऱ्याच्या तोंडावर तू खोटारडा आहेस म्हणण्यासारखं.

मी शाळा तिसरीत सोडली. मुकादम मला अंगठाबहाद्दर म्हणायचा. दादा त्याला म्हणायचा, "इथे अंगठेवालेच टिकतात, मुकादम. शिकलेले फुलं बघत बसतात."

दादाला सगळे पारखी म्हणायचे. त्याच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, नखापासून खालपर्यंत तिरपी. तो पान घासायचा तेव्हा लवीवर अंगठ्याचा ठसा उमटायचा आणि ठशाच्या मधोमध एक रेघ राहायची. अर्धवट उघड्या दाराची फट असते तशी. ठसा बघून कळायचं, हे पान दादाच्या हाताखालून गेलंय.

तो पारखी पांढरपोटीच्या काढ्याने गेला. आपल्याच घरात उकळलेल्या, आपल्याच डब्यातल्या पाल्याने.

२

तो गेल्यावर महिनाभर मी रानात गेलो नाही. मग आई म्हणाली, "घरात बसून भिंती किती मोजशील? जा." तिलाही खोकला धरला होता. घरात ओल होती आणि ती दिवसभर दाराशी बसायची, जिथून रानाची वाट दिसते तिथे.

मी गेलो. फाटकात मुकादम भेटला. तो वाईट माणूस नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोहणारच बुडतो रे. पारखी चुकला, एवढंच. तू सांभाळून."

पारखी चुकला. महिनाभर सगळ्यांच्या तोंडी हेच होतं. दादाबरोबर दहा वर्षं तोडणी केलेली माणसं आता माना हलवून म्हणायची, शेवटी शेवटी नजर गेली असेल. मी मान खाली घालून पुढे गेलो.

रान होतं तसंच होतं. पाय टाकला की शेवाळ आत जातं, उचलला की पाणी चुळूक करून वर येतं. मागून कोणी येत असलं तर त्याच्या पावलांचा आवाज आपल्या पावलांत मिसळतो, म्हणून रानात चालताना मधूनमधून थांबायची सवय असते. मी थांबलो. मागचं पाऊल माझ्यानंतर थांबलं. असं होतं कधी कधी. दाबलेलं शेवाळ सावकाश वर येतं, त्याचा आवाज.

पहिलं झुडूप गाठलं. फांदी वाकवली. पान उलटलं.

पोटावरची लव आधीच घासलेली होती. ठसा होता. मधोमध तिरपी रेघ.

मला आधी बरं वाटलं. खरंच. कपाटात त्याचा सदरा सापडावा तसं. दादाने कधीतरी हे पान बघितलं असेल आणि तोडायचं राहिलं असेल, असं मनात आलं. मग मी पान नीट बघितलं. ते फिकट होतं, बोटात मोडेल इतकं कोवळं, टोकाची पालवी.

ही पालवी गेल्या काही दिवसांतली. दादा गेला तेव्हा ती फुटलीही नव्हती.

मी दुसरं पान उलटलं. तिसरं. त्या झुडपाच्या प्रत्येक पानावर तो ठसा होता. शेजारचं झुडूप पांढरपोटीचं होतं. त्याच्या एकाही पानावर काही नव्हतं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, मी स्वतःला म्हटलं. मोठ्याने म्हटलं. रानात पक्षी ओरडत होते ते थांबले.

३

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ती मी तेव्हापर्यंत कोणालाच सांगितली नव्हती.

डब्यातला पाला माझा होता.

तोडणाऱ्याला हंगामात एक पिशवी पाला घरी न्यायला मिळतो. दादाने ती भरायचं काम माझ्यावर टाकलं होतं. त्या दिवशी खाली मैदानात चेंडूचा सामना होता आणि मला पोचायचं होतं. मी पानं उलटली नाहीत. फांदीच्या बुडाशी मूठ आवळली आणि टोकापर्यंत ओरबाडली. एक झुडूप, दुसरं, तिसरं. पिशवी घटकेत भरली.

दादा वाटेत भेटला. पिशवीकडे बघून म्हणाला, "वादळ आज लवकर आटपलं." तो मला वादळ म्हणायचा.

"हो."

"उलटलीस?"

"उलटली."

त्याने पिशवी हातात घेतली. त्याला वरची चार पानं उलटून बघता आली असती. एवढंच करायचं होतं त्याने. पण कायदा होता, आणि शिवाय मी त्याचा भाऊ होतो. त्याने पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाला, "जा, पळ. जिंकून ये."

आम्ही हरलो.

काही दिवसांनी त्याला खोकला झाला. आईने काढा उकळला, त्याने दोन पेले घेतले. आधी ओठांना मुंग्या आल्या, मग हातांना, मग उलट्या. हॉस्पिटलात नेला तेव्हा नाडी इतकी मंद की नर्सने दोनदा यंत्र बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्यासाठी पाणी आणायला खाली गेलो आणि वर आलो तेव्हा आई खोलीबाहेर उभी होती.

डॉक्टरांनी विचारलं, पाला कोणी तोडला? मुकादम तिथेच होता. तो म्हणाला, "यानेच तोडला असणार. हा दुसऱ्याच्या हातचं कशाला घेईल? हा पारखी."

मी भिंतीला टेकून उभा होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी ते उघडलं नाही.

४

ठसे रोज दिसायला लागले.

पहिले दोन दिवस मी प्रत्येक पान तपासलं. ठशाच्या बाजूला माझा अंगठा घासायचो, लव लागायची, तांबूस. शंभर बघितली, दोनशे बघितली. ठसा असला की तांबपोटी. नसला की पांढरपोटी. एकदाही चूक नाही. पारखी तो पारखीच.

तिसऱ्या दिवशी मी तपासायचं सोडलं.

का सोडलं, हे मला कोणी विचारलं तर मी सांगेन की तो कायदाच आहे. दादाने उलटलेलं पान मी परत कसं उलटू? पण खरं ते नाही. खरं हे की मला वाटलं, त्याने मला माफ केलंय. तो माझ्या पुढे पुढे चालतोय आणि माझं काम हलकं करतोय. लहानपणी पाणी साचलं की तो असाच पुढे चालायचा आणि म्हणायचा, माझ्या पावलावर पाऊल टाक, बाकी बघू नको. मी शेवाळात गुडघ्यावर बसून रडलो. "दादा," मी म्हटलं, "मी सांगणार होतो रे. राहून गेलं."

पुढच्या झुडपाची फांदी हलत होती. वारा नव्हता.

माझं पोतं दुपारीच भरायला लागलं. एकच अडचण होती, फाटकातली. पान घासायचंच नाही म्हटल्यावर अंगठा रंगणार कसा? मग मी रानातून बाहेर पडताना कडेच्या झुडपाचं एक पान घ्यायचो, त्यावर अंगठा रगडायचो आणि रंगलेला अंगठा मुकादमापुढे धरायचो.

"भावाचा हात आला की तुझ्यात," मुकादम म्हणायचा. "अंगठाबहाद्दरा, नाव काढलंस."

आईसाठीही मी पिशवी भरली. तिचा खोकला वाढला होता. एका दुपारी, सगळी ठशाची पानं निवडून, एकेक करून. त्या पिशवीवर मी जितकी माया केली तितकी कशावरच केली नसेल. माळ्यावर पसरून वाळवली आणि दादाच्याच डब्यात भरली. डबा मी तीन वेळा घासून घेतला होता.

डबा भरला त्या संध्याकाळी आई म्हणाली, "बूट बाहेर काढत जा रे. घरभर चिखल."

"बाहेरच काढलेत की."

"मग हे कोणाचे?"

दाराच्या आत, कोपऱ्यात, दादाचे बूट होते. ते तिथेच असायचे, आम्ही हलवले नव्हते. टाचांना ओलं शेवाळ लागलेलं होतं. मला वाटलं, मीच अंधारात चुकून घातले असतील. दादाचे बूट मला दोन बोटं मोठे होतात. घातले असते तर कळलं असतं, हे मला नंतर सुचलं.

५

आठव्या दिवशी मी नेहमीसारखा पोतं पाठीवर टाकून रानाच्या कडेला आलो. तीन वाजले असतील, लख्ख उजेड होता. कडेचं झुडूप होतं, पानांवर ठसे होते. एक तोडलं, अंगठा रगडला.

अंगठा कोरडा.

परत रगडला. काही नाही. लव नाही, रंग नाही. पान उलटून उजेडात धरलं. पोट पांढरं होतं. पांढऱ्यावर जी भुरी असते ती एका जागी पुसली गेली होती, अंगठ्याएवढी, आणि मधोमध तिरपी रेघ होती.

मी पोतं उपडं केलं.

पांढरं. पांढरं. तांबूस. पांढरं. पांढरं. पांढरं. मी पानं उलटत गेलो, आणि प्रत्येकावर तो ठसा होता, नीट, सावकाश, घाई न करता उमटवलेला. दादा काम करायचा तसाच. एकही पान त्याने सोडलं नव्हतं. त्याला माहीत होतं मी बघणार नाही. मी बघत नाही हे जगात फक्त त्याला माहीत होतं.

मी तिथे किती वेळ बसलो माहीत नाही. पहिल्यांदा राग आला, भीती नंतर. माझ्या पावलावर पाऊल टाक म्हणणारा माणूस मला खड्ड्यात नेतो? सख्खा भाऊ? मी ओरडलो, "मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

शब्द तोंडातून गेले आणि मला ऐकू आले. त्याच्या तोंडी जास्त शोभले असते.

मग आईची पिशवी आठवली.

६

मी फाटकावरूनच ओरडलो, "मुकादम, माझी सात दिवसांची पोती बाजूला काढा, वाळवू नका," आणि थांबलो नाही. पाठीमागून त्याची काठी वाजत होती, "काय झालं रे? अरे ए," तेवढंच ऐकलं.

घराचं दार उघडं होतं. आई दाराशी नव्हती.

स्वयंपाकघरात चुलीवर पातेलं होतं, खालचा विस्तव विझत आलेला. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. हातात पेला, अर्धा.

"कडू झालाय आज," ती म्हणाली. "तू जरा जास्तच उकळलास."

"मी?"

"मग कोण? मघाशी इथेच उभा होतास की पातेल्यापाशी, पाठ करून. दोन हाका मारल्या. ओ देशील तर शपथ. मला वाटलं रडतोयस, म्हणून गप्प बसले."

मी पेला तिच्या हातातून ओढला. पातेल्यात बघितलं. वाळलेलं पान गरम पाण्यात पडलं की हळूहळू उलगडतं. तळाशी पानं उलगडून पडली होती, सगळी पोट वर करून. पांढरी. पाण्याने ठसे काळपट झाले होते, पण रेघ स्पष्ट होती, प्रत्येकावर, एकाच बाजूला कललेली. दहा वीस दारं, सगळी थोडी थोडी उघडी.

"ओठांना काय होतंय गं?"

"मुंग्या आल्यात," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. तिने हे आधी बघितलं होतं. तिला सांगावं लागलं नाही.

मी तिला पाठीवर घेतलं. ती इतकी हलकी होती की पोत्याची आठवण झाली.

७

तेच हॉस्पिटल, तोच मजला. खोली शेजारची. दाराला धुरकट काच, तिच्यातून माणूस दिसत नाही, नुसता आकार दिसतो.

अर्धाच पेला होता म्हणून आई वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची नाडी ठिकाणावर आली. मुकादम बघायला आला. खुर्चीवर बसून काठी दोन गुडघ्यांत धरली आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला.

"तुझी पोती उलटून बघितली," तो म्हणाला. "कायदा मोडला, पण तूच ओरडलास. सातही पोती, पानन् पान, वाळलेलं गरम पाण्यात उलगडून. एकूण एक तांबपोटी. इतका स्वच्छ माल मी कधी बघितला नाही."

"ठसे?"

"कसले ठसे?"

मी आईचं पांघरूण नीट केलं.

"म्हणजे रानाच्या कडेला उपडं केलेलं त्या दिवशीचं पोतं आणि घरची पिशवी, एवढंच चुकलं तुझ्याकडून," मुकादम म्हणाला. "काय म्हणायचं? तुमच्या घराला लागलंय काहीतरी. आधी पारखी चुकला, आता तू." तो उठला. "आईला जप."

तो दारापर्यंत गेला. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता.

दार लागलं. काठी कॉरिडॉरमधून दूर गेली आणि थांबली; तो तिथे डॉक्टरांशी बोलत राहिला.

मी आईच्या उशाशी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. सामना, ओरबाडलेल्या फांद्या, "उलटलीस?" "उलटली." बोलताना तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तिच्या हाताकडे बघत होतो. हात हलला नाही.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तू पाणी आणायला खाली गेलास ना, तेव्हा त्याने सांगितलं. पाला वादळाचा होता म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे वर, कातडी सोलते. तर म्हणाला, नको. त्याला कोणी काही बोलायचं नाही." तिच्या छातीत अजून घरघरत होतं. "म्हणाला, मीच सांगेन त्याला. मला वाटलं, बरा झाल्यावर सांगेल."

खोलीत यंत्राचा टिकटिक आवाज होता.

"सांगितलं का त्याने?" आईने विचारलं.

"हो."

"मग मुकादमाला बोललास? माझं पोर चुकलं नव्हतं म्हणून?"

माझी नजर तिच्या हातावरच राहिली.

"नाही ना," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे बघत होती. "तरीच. म्हटलं, अजून का उभा आहे हा?"

मी वळलो. दादाने शिकवलं होतं, वरून ओळखायचं नाही, उलटून बघायचं.

काचेपलीकडे आकार होता. उंचीने दादाएवढा. कोणी नर्स असेल, औषधं घेऊन थांबली असेल, मी स्वतःला म्हटलं. मग काचेवर बाहेरून एक अंगठा टेकला. दाबला, चपटा झाला, मधोमध तिरपी रेघ. तो हळूच खाली घासला गेला. एकदाच, पान घासतात तसा. मग काच सोडून तो थांबला. कोणता रंग लागला ते बघत असावा तसा.

जिन्यावर मुकादमाची काठी आता वाजायला लागली होती. हाक मारून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. धावलो असतो तर त्याला खालच्या वळणावर गाठता आलं असतं.

पण त्या खोलीला दार एकच होतं.